शास्त्र, वहिवाट आणि नजीर

न्यायासनासमोर उभा राहून वकिलाने एखादे विधान केले, की समोरून जो पहिला प्रश्न येतो तो फार लहान असतो: यास आधार काय? हा प्रश्न वरवर साधा दिसला तरी न्यायाची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. कारण वकिलाचे वक्तृत्व, पक्षकाराची सचोटी, किंबहुना न्यायाधीशाची स्वतःची खात्रीसुद्धा आधाराच्या जागी चालत नाही, आधार हा बोलणाऱ्याच्या बाहेरून यावा लागतो. तो कोठून यावा, ह्याचे उत्तर महाराष्ट्रात गेल्या आठ-नऊशे वर्षांत अनेक वेळा बदलले. शास्त्र्याने पोथी उघडली, गावच्या पाटलाने पांढरीकडे, म्हणजे गावच्या वस्तीकडे, बोट दाखविले, पेशव्यांच्या कारकुनाने दप्तराचा रुमाल सोडला, इंग्रज न्यायाधीशाने रेग्युलेशनचे कलम वाचले, आणि त्यानंतरच्या वकिलाने कातडी बांधणीचा निवाड्यांचा खंड फळीवरून खाली काढला. ह्या आधारांपैकी कोणता श्रेष्ठ होता, हा वाद मला येथे घालावयाचा नाही. मला कुतूहल आहे ते त्यांच्या क्रमाचे. दोन आधार परस्परांच्या विरुद्ध गेले असता कोणी कोणासाठी वाट सोडावी, ह्या क्रमातच त्या त्या काळाचा खरा कायदा दडलेला असतो, असे जुने कागद वाचताना मला वारंवार वाटत आले आहे.

हा क्रम लावण्याचा खटाटोप इंग्रजांनी आपल्याकडे आणला, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. नारदस्मृतीने व्यवहाराचे, म्हणजे दाव्याच्या निर्णयाचे, चार पाय सांगितले आहेत: धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन, आणि त्यांतील पुढचा पाय मागच्याला बाधक होतो असेही सांगितले आहे. चरित्र म्हणजे लोकांचा चालत आलेला आचार. हा आचार साक्षीपुराव्याच्या वर आणि राजाज्ञेच्या खाली बसविला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका गृहस्थाने नारदाचे नाव न घेता जवळजवळ अशीच शिडी मुंबई इलाख्यासाठी रचली. याज्ञवल्क्यानेही दोन स्मृतींचा विरोध आला असता लोकव्यवहारावर आधारलेला न्याय बलवान मानला. तेव्हा ग्रंथ हे प्रमाण खरे. पण त्या ग्रंथांनी आपल्या अंगणात रूढीसाठी जागा आधीच सारवून ठेवलेली होती.

ही जागा किती मोठी होती हे पाहावयाचे तर मिताक्षरेकडे वळावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ पर्यंत राज्य करीत होता, आणि त्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. वाटणीच्या प्रकरणात त्याच्यापुढे एक कठीण प्रसंग उभा राहिला. थोरल्या मुलाला इतरांपेक्षा अधिक वाटा द्यावा असे स्पष्ट वचन स्मृतीत होते. आणि भोवतालच्या समाजात तर भाऊ सरसकट समान वाटण्या करून घेत होते. विज्ञानेश्वराने वचन खोटे ठरविले नाही, त्याचा ओढूनताणून निराळा अर्थही लावला नाही. तो म्हणतो, की हा विषम विभाग शास्त्रात आहे खरा, परंतु लोकांना तो अप्रिय आहे, आणि जे लोकांना विद्विष्ट झाले ते शास्त्रोक्त असले तरी आचरू नये. ह्याला दाखला म्हणून त्याने अतिथीसाठी पशू मारण्याच्या जुन्या विधीचा उल्लेख केला, जो वचनात होता आणि व्यवहारातून केव्हाच नाहीसा झाला होता. ज्या टीकेला पुढे बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानात कायद्याचे सर्वोच्च प्रमाण मानले गेले, त्या टीकेच्या पोटातच ग्रंथापेक्षा लोकाचार बलवान असल्याची ही कबुली आहे, हे तिच्या अधिकाराचा आधार घेणाऱ्या सर्वांनाच स्मरले असे नाही.

दुसरा ग्रंथ व्यवहारमयूख. त्याचा कर्ता नीलकंठभट्ट सतराव्या शतकात काशीस राहत होता, तरी त्याचे घराणे पैठणचे. त्याचा पणजा रामेश्वरभट्ट गोदातीर सोडून गंगातीरी गेला, आणि तेव्हापासून ह्या भट्टांच्या वाड्यात धर्मशास्त्राचे जे अध्ययन चालू झाले त्यातून नारायणभट्ट, शंकरभट्ट, निर्णयसिंधूचा कर्ता कमलाकरभट्ट आणि शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास आलेले गागाभट्ट अशी परंपराच निघाली. नीलकंठाने भगवंतदेव नावाच्या बुंदेल्या संस्थानिकाच्या आश्रयाने भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, ग्रंथ रचला. त्यातील एक किरण व्यवहाराचा. काशीत बसून लिहिलेला हा ग्रंथ काशीत विशेष चालला नाही. तो चालला गुजराथेत, मुंबई बेटात, उत्तर कोकणात आणि देशावर. प्रांत सोडला तरी प्रांताचा आचार मनातून गेला नव्हता, असे मी त्याचे कारण समजतो.

पण पोथ्यांविषयी एवढे लिहून मी थांबलो तर वाचकाची फसवणूक होईल. कारण मराठी मुलखातील बहुसंख्य तंटे पोथीपर्यंत कधी पोहोचतच नसत. ते गोतापुढे चालत. पाटीलकी कोणाची, शीव कोठून जाते, मानाचा विडा प्रथम कोणाला, अमुक शेत गहाण की खरेदी, मुलगा औरस की दत्तक, हे सगळे प्रश्न गोतसभेत, म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार आणि समस्त पांढरी ह्यांच्या बैठकीत फैसल होत, आणि तो फैसला ज्या कागदावर उतरे त्याला महजर म्हणत. शब्द अरबी असून त्याच्या मुळाशी हजर असण्याचा अर्थ आहे, आणि ह्या कागदाचा सारा अधिकार त्या एका अर्थात साठविलेला आहे.

जुना महजर पुढ्यात उलगडला म्हणजे आजच्या निवाड्यापेक्षा त्याची घडण किती निराळी ते लगेच कळते. कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवून केलेली ती लांब पट्टी असते. माथ्यावर श्री, त्याखाली शक, संवत्सर, तिथी आणि बहुधा सुहूरसन. आणि मग निर्णय नव्हे, वादही नव्हे, तर माणसे. मजलशीस कोण कोण बसले होते त्यांची नावे, हुद्दे, गावे, ओळीमागून ओळ. त्यानंतर वादीची तकरीर आणि प्रतिवादीची तकरीर, म्हणजे दोघांनी आपापल्या तोंडाने सांगितलेली हकीकत. निवाडा मान्य करू म्हणून दोघांनी लिहून दिलेला राजीनामा. दोघांकडून घेतलेले जामीन. मग पुरसीस, साक्षी, जुनी कागदपत्रे. आणि सर्वांत शेवटी, कित्येकदा अगदी थोडक्यात, अमुक खरा आणि अमुक खोटा. हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेत, की मी खोटा झालो, ह्यापुढे ह्या वतनाशी मला अर्थाअर्थी संबंध नाही. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी.

आणि मग कागदाच्या पायथ्याशी निशाण्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपल्या धंद्याचे हत्यार काढले: पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, सुताराचे किंकरे, परिटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. शाईच्या चार रेघांत काढलेला तो बोटाच्या पेराएवढा नांगर पाहताना मला नेहमी वाटते, की अधिकाराचा स्रोत कोणता ह्या प्रश्नाला एवढे उघड उत्तर दुसऱ्या कोणत्याही कायदेपद्धतीने क्वचितच दिले असेल. येथे ग्रंथाचे नाव नाही, पूर्वीच्या निवाड्याचा हवाला बहुधा नाही. ज्यांना ठाऊक आहे ते बसले होते, त्यांनी सांगितले, आणि आपण सांगितल्याची खूण केली, एवढाच आधार. शिवेच्या वादात महाराचा शब्द जड मानला जाई, कारण शीव राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे होते. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत असे. ह्या विसंगतीतला अन्याय झाकण्याचे मला कारण नाही, पण त्या साक्षीची किंमत त्या काळाने ओळखली होती हेही नोंदविले पाहिजे.

गोतसभा निर्दोष होती असे मी म्हणत नाही. गावात तट असत, आणि वजनदार पाटलाविरुद्ध बोलण्यास साक्षीदार कचरत. म्हणून तर पक्षकार दुसऱ्या ठिकाणचे थळ मागून घेत आणि आपला वाद परमुलखी नेत. साक्षीने निर्णय होईना तेव्हा दिव्य होई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने उचलावा लागे. मग त्या हातावर पिशवी बांधून मोहर करीत आणि नेमल्या दिवशी ती उघडून हात भाजला की कसे ते पाहत. कृष्णेच्या पाण्यात उभे राहून, बेलभंडार उचलून सांगितलेल्या साक्षीवरही वतने गेली आणि आली. धर्मनिर्णयाचे, प्रायश्चित्ताचे प्रश्न मात्र गोताचे नसून ब्रह्मसभेचे. त्यांसाठी पैठण, नाशिक, वाई, कऱ्हाड अशा क्षेत्रांच्या पंडितांकडे धाव घ्यावी लागे. आणि ह्या सर्वांच्या वर पुण्यास न्यायाधीश. रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी नारायणरावाच्या वधाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले ही हकीकत प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. ती येथे आठवण्याचे कारण इतकेच, की त्या प्रसंगी पेशवाईची गादी ज्याच्या हाती गेली होती त्यालाच शास्त्राचा आधार दाखविण्यात आला. नारदाच्या शिडीवरील सर्वांत वरचा पाय, राजशासन, त्या दिवशी खाली उतरविला गेला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनच्या कमिशनरीवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला. त्याच्यापुढे बंगालचा कित्ता तयार होता. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये तेथे ठरविले होते, की वारसा, विवाह, जातिव्यवहार ह्या बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावावा. आणि शास्त्र म्हणजे काय हे इंग्रजाला कळावे म्हणून अकरा पंडित बसवून एक ग्रंथ रचविला, तो संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून इंग्रजीत नेऊन हॅलहेडने १७७६ मध्ये छापला. कायदा म्हणजे पुस्तक ही कल्पना त्या पद्धतीच्या मुळाशी होती. एल्फिन्स्टनने मराठ्यांचे पंचायतीचे न्याय जवळून पाहिले, त्यांतील दिरंगाई आणि ढिलाई त्याला दिसली, तरी लोक त्या न्यायाला आपला म्हणतात हेही दिसले. आणि गव्हर्नर झाल्यावर १८२७ मध्ये त्याच्या नावाने ओळखली जाणारी जी रेग्युलेशने झाली, त्यांतील चौथ्या रेग्युलेशनच्या सव्विसाव्या कलमात त्याने बंगालची वाट सोडली.

त्या कलमाचा आशय असा. दाव्याचा निर्णय करताना प्रथम पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशने पाहावीत. ती लागू नसतील तर ज्या मुलखात दावा उत्पन्न झाला त्या मुलखाची वहिवाट पाहावी. तशी वहिवाट आढळली नाही तर प्रतिवादीचा कायदा. आणि कायदा व वहिवाट दोन्ही नसतील तेथे केवळ न्याय, समता आणि सद्विवेकबुद्धी. चारच पायऱ्या. शास्त्र ह्या शिडीवर आहे, पण तिसऱ्या पायरीवर, प्रतिवादीच्या कायद्याच्या रूपाने. वहिवाट त्याच्या वर. पश्चिम हिंदुस्थानच्या कायद्याच्या इतिहासात ह्या एका कलमाइतकी महत्त्वाची दुसरी ओळ मला तरी माहीत नाही. गोतसभेत बसणाऱ्या निरक्षर कुणब्याला जे सहज ठाऊक होते, ते येथे प्रथमच छापील अक्षरांत राज्यकर्त्याच्या तोंडून वदले गेले.

वहिवाट वर बसविली खरी, पण ती कोठे पाहावयाची? पुण्याच्या शास्त्र्यांना विचारून आणि निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांचे जाब नोंदवून आर्थर स्टील ह्या अधिकाऱ्याने दख्खनातील हिंदू जातींच्या कायद्याचा आणि चालीरीतींचा सारांश तयार केला; तो १८२७ मध्येच निघाला आणि १८६८ मध्ये पुन्हा छापला गेला. त्यात पाट कोणत्या जातीत लागतो, काडीमोड कोण देऊ शकतो, जातीबाहेर टाकण्याचा आणि परत घेण्याचा अधिकार कोणाकडे, अशी माहिती एका बाजूला, आणि शास्त्रवचने दुसऱ्या बाजूला, अशी शेजारी शेजारी बसविलेली आहेत. गुजराथेत बोराडेल ह्या अधिकाऱ्याने असेच जातवार प्रश्न विचारून जाब गोळा केले. व्यवहारमयूखाचे त्याचे इंग्रजी भाषांतरही १८२७ चेच. एका वर्षात एवढे ग्रंथ आणि कायदे एकत्र आले, हा योगायोग नव्हे; बोलण्यात असलेला कायदा कागदावर धरून ठेवण्याची ती एकच धडपड होती.

परंतु धरून ठेवलेली वहिवाट ही वहिवाट राहते काय? हा प्रश्न पुढील पन्नास वर्षांच्या हकीकतीत सर्वत्र डोकावतो.

दिवाणी अदालतीत त्या काळी शास्त्री नेमलेले असत. इंग्रज न्यायाधीशाने प्रश्न लिहून पाठवावयाचा, शास्त्र्याने व्यवस्था द्यावयाची आणि खाली ग्रंथाचा हवाला लिहावयाचा. अशी हजारो उत्तरे निरनिराळ्या जिल्ह्यांच्या न्यायालयांत पडून होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारा जर्मन पंडित ब्यूलर आणि न्यायखात्यातील रेमंड वेस्ट ह्या दोघांनी ती निवडून, वर्गवारी लावून हिंदू कायद्याच्या सारसंग्रहात छापली; पहिला खंड १८६७ चा, दुसरा १८६९ चा. त्याचे पान उघडले म्हणजे आधी प्रश्न, मग शास्त्र्याचे उत्तर, उत्तराखाली न्यायालयाचे गाव आणि तारीख, त्याखाली प्रमाणग्रंथांची पृष्ठे, आणि गरज असेल तेथे संपादकांचा शेरा. ज्याला कायद्याचे संशोधन म्हणतात त्याचा इतका प्रामाणिक नमुना मी दुसरा पाहिला नाही, कारण उत्तर कोणी, कोठे, केव्हा आणि कशावरून दिले ह्या चारही गोष्टी वाचकापुढे उघड्या ठेवलेल्या आहेत. दुर्दैव असे, की हा ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वीच, १८६४ च्या अकराव्या कायद्याने, न्यायालयांतील शास्त्री आणि काजी ह्यांच्या नेमणुका रद्द झाल्या होत्या. शास्त्र्यांवर लोभाचे आणि परस्परविरोधी मते दिल्याचे आरोप जुनेच होते, आणि काही खरेही असतील. पण जो विचारल्यास उत्तर देत होता, आणि उलट प्रश्न करीत होता, तो उठून गेला आणि त्याच्या जागी त्याच्या उत्तरांचे पुस्तक आले.

आधार एकच असून अधिकार कसे निराळे होतात ह्याचे दत्तकविधीइतके बोलके उदाहरण नाही. वसिष्ठाचे एक वचन आहे, त्याचा अर्थ असा की पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊही नये आणि घेऊही नये. वचन सगळ्यांचे एकच. मिथिलेच्या पंडितांनी म्हटले, दत्तक घेण्याच्या क्षणी पतीची अनुज्ञा हवी, आणि विधवेला पती नाही, सबब विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालच्या पंडितांनी म्हटले, पतीने जिवंतपणी दिलेली अनुज्ञा त्याच्या मागे चालते. द्रविड देशात म्हटले, अनुज्ञा नसेल तर ती उणीव सपिंडांच्या संमतीने भरून निघते. आणि महाराष्ट्रात नीलकंठाने अनुज्ञेची अट सधवेपुरतीच मानली, ज्यामुळे पतीने मना केलेले नसेल तर विधवेला मार्ग मोकळा राहिला. एका ओळीतून चार देशांत चार कायदे निघाले, आणि प्रत्येक ठिकाणी टीकाकाराने आपल्या भोवतालची रीतच त्या ओळीत वाचली.

१८६८ साली हा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहिला. मदुरेच्या कलेक्टराचा रामनाद जमीनदारीविषयीचा वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला, आणि तेथे असे ठरले, की हिंदू कायद्याच्या पद्धतीत वहिवाटीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनाहून वरचढ होतो. त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाई विरुद्ध राधाबाई ह्या दाव्यात महाराष्ट्रातील विधवेला पतीच्या उघड अनुज्ञेवाचून दत्तक घेता येतो असा निर्णय दिला. ह्या निर्णयाकडे पाहताना मराठी मनाला एक जुनी जखम आठवल्यावाचून राहत नाही. वीसच वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्युशय्येवर घेतलेला पुत्र गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्याचा वारस मानला नाही. १८५३ मध्ये झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेल्या दत्तकाचेही तेच झाले. दत्तक खासगी मिळकतीपुरता खरा, गादीपुरता खोटा, असा तो भेद होता. शास्त्र बदलले नव्हते, वहिवाट बदलली नव्हती. शिडीच्या वरच्या पायरीवर जे बसले होते त्यांनी खालच्या पायऱ्यांकडे पाहण्याचे नाकारले.

१४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले होते, आणि त्याबरोबर एक नवा आधार पुढे आला, त्याला जुन्या वकिलांच्या बोलीत नजीर म्हणत: म्हणजे पूर्वीचा निवाडा. उच्च न्यायालयापूर्वीच्या सदर अदालतीचे निवाडे बोराडेलने पूर्वीच काही छापले होते. आता उच्च न्यायालयाच्या निवाड्यांचे बारा खंड निघाले, आणि १८७५ च्या कायद्यान्वये सरकारी अधिकाराने निघणारी इंडियन लॉ रिपोर्ट्स ही मालिका १८७६ पासून सुरू झाली. १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टर निघू लागला. ह्या खंडांनी महाराष्ट्राचा नकाशाच नव्याने रेखाटला. रत्नागिरीत आणि देशावर बहुतेक ठिकाणी मिताक्षरा आधी; गुजराथ, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात तिचा मयूखाशी विरोध येईल तेथे मयूख आधी; पुणे, नगर, खानदेश ह्या भागांत मयूखाचा मान जवळजवळ बरोबरीचा. हा भेद केवळ पंडिती नव्हता. निपुत्रिक माणसाच्या मागे त्याची बहीण वारसांच्या रांगेत कोठे उभी राहते हे त्यावर ठरे. नीलकंठाने तिला आजीच्या मागोमाग आणून बसविले होते, कारण लग्नाने ती दुसऱ्या गोत्रात गेली तरी जन्म तिचा भावाच्याच गोत्रातला, असे त्याचे म्हणणे. एका खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे बहिणीचे भाग्य वेगळे, असे ते दिवस होते.

नजिरीचे बळ कसे चढत गेले ते न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांच्या एका मतावरून दिसते. १८९१ मध्ये आपाजी नरहर कुलकर्णी ह्यांच्या दाव्यात पूर्णपीठापुढे प्रश्न आला, की बाप आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र असता, बापाच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येईल काय? बहुमताने नाही म्हटले. तेलंगांनी मिताक्षरेची मूळ पंक्ती पुढे ठेवून, तिचा अन्वय लावून, मागता येईल असे स्वतंत्र मत दिले. ग्रंथ संस्कृतात वाचू शकणारा न्यायमूर्ती एका बाजूला आणि बहुमत दुसऱ्या बाजूला, असे ते चित्र आहे; आणि कायदा झाला तो बहुमताचा, मुंबई इलाख्यापुरता. त्या दिवसापासून मिताक्षरा ह्या विषयावर काय म्हणते हे विचारणे अभ्यासकापुरते उरले. न्यायालयात विचारावयाचे ते आपाजी नरहर काय म्हणतो. विधवेच्या दत्तकाविषयीही असेच घडले: १८७९ च्या एका पूर्णपीठाने एकत्र कुटुंबातील विधवेचा जो अधिकार आकुंचित केला, तो प्रिव्ही कौन्सिलने मोकळा करीपर्यंत अर्धशतक लोटले. दरम्यान किती घरांतील दत्तक नाकारले गेले असतील, ह्याचा हिशेब कोणत्याही खंडात नाही.

रूढी एकदा निवाड्यात शिरली की तिची वाढ थांबते, हे मला ह्या सगळ्या इतिहासातील दुःखाचे ठिकाण वाटते. गोतसभेतील वहिवाट दर पिढीस नव्या माणसांच्या तोंडून सांगितली जाई, आणि सांगता सांगता, कोणाच्या ध्यानात न येता, थोडी बदलत असे. छापील निवाड्यातील वहिवाट १८७० साली जशी सांगितली तशीच १९३० साली राहिली. शिवाय ती इंग्रजीत राहिली. जिच्याविषयी साक्ष मराठीत झाली तिचे सार इंग्रजीत उतरले, आणि ज्या जातीची ती चाल, त्या जातीच्या माणसाला आपलीच चाल वकिलाकडून समजावून घ्यावी लागली. नजिरीने लाभ झाला नाही असे नव्हे: रत्नागिरीच्या मुन्सफाने आणि धुळ्याच्या मुन्सफाने एकाच प्रश्नाचे एकच उत्तर द्यावे, गरिबाला आधीच कळावे की आपला दावा टिकेल की नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण तिची किंमत पडली, आणि ती किंमत कोणी मोजली नाही.

मोजण्याचे काम न्यायासनाबाहेरच्या माणसांनी हाती घेतले. विश्वनाथ नारायण मंडलिक ह्या मुरूडच्या वकिलाने १८८० मध्ये याज्ञवल्क्यस्मृती आणि व्यवहारमयूख ह्यांचे नवे भाषांतर निवाड्यांच्या हवाल्यांसह प्रसिद्ध केले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव वतनदारांच्या माळ्यांवरून रुमाल उतरवून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली, आणि शेकडो महजर, निवाडपत्रे, यजितखते प्रथमच उजेडात आली. मुंबईस वकिली करणाऱ्या पांडुरंग वामन काणे ह्यांनी १९२६ मध्ये व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले. १९५३ मध्ये विठ्ठल त्रिंबक गुणे ह्यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला प्रबंध डेक्कन कॉलेजकडून प्रसिद्ध केला. काण्यांचे थोरपण मला त्यांच्या तळटीपांत दिसते. एकेक रूढी कोणत्या वचनातून आली, कोणत्या वचनाविरुद्ध गेली आणि केव्हा लोपली, ह्याचा माग काढताना त्यांनी कोणताही आधार केवळ जुना म्हणून पूज्य मानला नाही.

१९५० साली संविधान आले आणि शिडी पुन्हा रचली गेली. तेराव्या अनुच्छेदाने कायदा ह्या शब्दात कायद्याचे बळ असलेल्या रूढीचा आणि परिपाठाचाही समावेश केला. तीनशे बहात्तराव्याने जुने कायदे चालू ठेवले. एकशे एक्केचाळिसाव्याने सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक केला. पुढच्याच वर्षी मुंबईत नरसू आप्पा माळी ह्याचा खटला उभा राहिला. हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी करणारा मुंबईचा १९४६ चा कायदा संविधानाशी विसंगत आहे काय, असा प्रश्न होता. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी तो कायदा वैध ठरविला, आणि विवाह-वारशाचा व्यक्तिगत कायदा तेराव्या अनुच्छेदातील कायदा ह्या शब्दात येत नाही असे मत दिले. साताऱ्याच्या विद्वान घराण्यात जन्मलेल्या गजेंद्रगडकरांना मिताक्षरा परकी नव्हती. तिला संविधानाच्या पायरीवर कोठे बसवावयाचे हे त्यांना ठरवावे लागले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने ज्या बाबींची तरतूद त्यात आहे त्यांपुरते सर्व वचन, नियम, अर्थनिर्णय, रूढी आणि परिपाठ एका वाक्यात बाजूला सारले. विज्ञानेश्वर, नीलकंठ आणि शास्त्र्यांच्या व्यवस्था, सगळे एकाच दिवशी, त्या बाबींपुरते, निवृत्त झाले.

तरी एक झरोका उघडा राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, रूढीने मान्य केलेल्या घटस्फोटाचा हक्क एकोणतिसाव्या कलमात शाबूत ठेवला, आणि रूढी म्हणजे काय ह्याची व्याख्या करताना ती दीर्घकाळ, अखंड आणि एकरूपतेने पाळली गेलेली, निश्चित, आणि अविवेकी नसलेली हवी असे म्हटले. म्हणून तालुक्याच्या न्यायालयात अजूनही एखाद्या काडीमोडीचा दावा निघाला, की वकिलाला नुसत्या खंडांवर भागत नाही. १८७२ च्या, २०२४ पर्यंत चाललेल्या, पुराव्याच्या कायद्याने रूढी ज्यांना ठाऊक असणे संभवनीय अशा माणसांचे मत ग्राह्य धरले होते, त्या तत्त्वाचा आसरा घेऊन त्याला जातीतील वडीलधारी माणसे बोलवावी लागतात. मुंडासे सारखे करीत म्हातारा पिंजऱ्यात उभा राहतो. ही चाल केव्हापासूनची, असे विचारले असता तो आपल्या आज्याचे नाव घेतो, मग त्याच्या बापाचे. कोणाच्या काडीमोडीला कोण पंच बसले होते ते गावांच्या नावांसह सांगतो. उलटतपासणीत त्याला अडविले तर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतो. न्यायाधीश लिहून घेतात. जबानी त्याला वाचून दाखविली जाते, तो मान हलवितो, आणि कारकून शाईचा डबा पुढे सरकवून कागदाच्या पायथ्याशी त्याचा अंगठा घेतो.